एसजी आयर्नची कास्टिंग: कृष्णाकाठच्या पंपांवरचा तीन हंगामांचा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत आमचे लहानसे मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र) आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घेण्याचा बेंच एवढाच पसारा आहे. कृष्णा आणि वारणा काठच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांसाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे फिरू न देणारी झडप), फूट व्हॉल्व्ह आणि कपलिंग बनवणे, पंपांची दुरुस्ती करणे आणि हंगामाच्या तोंडावर उसाच्या ट्रॉलीचे हब तयार करून देणे ही आमची मुख्य कामे. ओतकाम आम्ही स्वतः करत नाही. कच्चे कास्टिंग फाउंड्रीतून आणायचे, मशीनिंग करायचे, दाबावर तपासायचे आणि मग काठावर नेऊन बसवायचे, हा आमचा शिरस्ता. गेल्या तीन वर्षांत यातली बहुतेक कामे आम्ही साध्या बिडावरून (कास्ट आयर्नवरून) एसजी आयर्नवर, म्हणजे गोळ्यांच्या ग्रॅफाइटच्या चिवट बिडावर (स्फेरॉइडल ग्रॅफाइट आयर्न) आणली. हे कास्टिंग सध्या मिरज परिसरातील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीतून येते. त्या मालाचा आणि त्या सेवेचा हा अभिप्राय आहे. फाउंड्रीचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण त्याआधी दुसऱ्या एका फाउंड्रीचा जो वाईट अनुभव आला तोही येथे सांगायचा आहे, आणि आमच्या भागात एकाचे नाव घेतले की दुसरा कोण हे ओळखायला वेळ लागत नाही.

या बदलाची सुरुवात एका फुटलेल्या व्हॉल्व्हपासून झाली. मार्च महिना होता, उसाच्या लागणी पाण्यावर आल्या होत्या, आणि रात्रपाळीची वीज मध्येच गेली. पंप एकाएकी थांबला, वर चढत असलेले पाणी थबकले आणि उलटे फिरले, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा फ्लॅप उशिरा पडला आणि जोरात आदळला. सकाळी मी काठावर पोहोचलो तेव्हा ८ इंची व्हॉल्व्हची बिडाची बॉडी फ्लँजच्या (बोल्ट लावून जोडायच्या कडेच्या) मुळाशी आरपार फुटलेली होती आणि पंपघरात घोटाभर चिखल झाला होता. तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. तुटलेली बाजू राखाडी, दाणेदार आणि कोरडी होती. कोठेही वाकल्याची, ताणल्याची खूण नव्हती. काचेचा पेला फुटावा तसे ते धातूचे जाडजूड भांडे फुटले होते. नवी बॉडी मिळून पंप पुन्हा सुरू व्हायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत संस्थेच्या सभासदांचे जे फोन आले ते मी अजून विसरलेलो नाही.

याचे गणित अवघड नाही. लोखंडी पाइपातून सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबवले तर दाब सुमारे १० किलोने (दर चौरस सेंटिमीटरला) चढतो, कारण पाण्यातून दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटरने धावते. आमच्या त्या लाइनचा चढाव ६० मीटर, म्हणजे मुळातच व्हॉल्व्हवर ६ किलोचा भार. त्यात १० किलोचा झटका आला की बेरीज १६ होते. १० किलो दर्जाच्या व्हॉल्व्हची बॉडी कारखान्यात १५ किलोवर तपासून पाठवतात. एखादा झटका ती सोसतेही, परंतु वीज दिवसाआड जाते आणि हा आघात हंगामात कितीतरी वेळा होतो. बिडाला आघात सोसत नाही ही गोष्ट आमच्या भागातला प्रत्येक फिटर जाणतो. तो का सोसत नाही हे मात्र मी स्वतः फार उशिरा समजून घेतले.

साध्या बिडात ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो आणि तो थंड होताना ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. हे पापुद्रे लोखंडाच्या अंगात पसरलेले असतात. ग्रॅफाइटला स्वतःची ताकद जवळपास नसल्यामुळे प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली एक बारीक भेग असते. ताण आला की पापुद्र्याच्या टोकाशी तो एकवटतो, भेग पुढच्या पापुद्र्यापर्यंत धावते आणि वस्तू काही न सांगता तुटते. एसजी आयर्नमध्ये कार्बन कमी केलेला नसतो, उलट थोडा जास्तच असतो. पण ओतण्यापूर्वी वितळलेल्या लोखंडाच्या रसात अगदी थोडे मॅग्नेशियम घातल्याने ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमते. गोळ्याला टोक नसते, म्हणून ताण एकवटायला जागा राहत नाही आणि मधले लोखंड पोलादासारखे ताणले जाऊ शकते. शेवटी धातूत उरणारे मॅग्नेशियम ०.०३ ते ०.०५ टक्के. शंभर किलो रसात पन्नास ग्रॅमच्या आत असलेला हा पदार्थ धातूचा सगळा स्वभाव पालटतो, याचे मला आजही नवल वाटते.

ही युक्ती फार जुनी नाही. अमेरिकेतील इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस १९४३ साली युद्धकाळात टंचाई झालेल्या क्रोमियमला पर्याय शोधत होते. झिजेला टिकणाऱ्या बिडात निरनिराळे धातू घालून पाहताना मॅग्नेशियमचा प्रयोग झाला आणि ग्रॅफाइट गोल झालेले आढळले. १९४८ मध्ये ब्रिटनमधील हेन्टन मॉरो यांनी सेरियम वापरून असेच गोल ग्रॅफाइट मिळवल्याचे जाहीर केले, आणि १९४९ मध्ये मिलिस व त्यांच्या सहकाऱ्यांना मॅग्नेशियमच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. आमच्या भागात ओतकाम त्याच्याही आधीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथे नांगर ओतले, तेव्हापासून या जिल्ह्यातील माणसाच्या हाताला बिडाची सवय आहे. कदाचित म्हणूनच ‘बीड ते बीड, त्यात काय वेगळे’ हा समज येथे घट्ट बसलेला आहे, आणि एसजी कास्टिंग विकत घेताना तोच सर्वांत जास्त नडतो.

एसजीच्या दर्जांची नावे वाचायला सोपी आहेत. आयएस १८६५ या भारतीय मानकात ४००/१५, ४५०/१०, ५००/७, ६००/३, ७००/२ असे दर्जे दिलेले आहेत. पहिला आकडा ताणशक्तीचा, मेगापास्कलमध्ये. दुसरा तुटण्यापूर्वी धातू किती टक्के लांबतो त्याचा. म्हणजे ५००/७ चा नमुना ५०० मेगापास्कल ताण सहन करतो आणि तुटण्याआधी ७ टक्के लांबतो. साध्या बिडाच्या एफजी २०० किंवा एफजी २६० या नेहमीच्या दर्जांच्या नावात एकच आकडा असतो, कारण लांबणे त्याला जवळजवळ ठाऊकच नाही. ताकद वाढवत नेली की लांबणे कमी होते. गोळ्यांभोवतीचे लोखंड मऊ फेराइटचे असेल तर ४००/१५, कणखर पर्लाइटचे असेल तर ७००/२, आणि मधल्या ५००/७ मध्ये दोन्हींची सरमिसळ असते. मायक्रोस्कोपखाली ही सरमिसळ फार देखणी दिसते: काळा गोळा, त्याभोवती पांढऱ्या फेराइटचे कडे आणि बाहेर करडे पर्लाइट. तिला बुल्सआय म्हणतात, आणि पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला खरोखरच बेंदराच्या बैलाचा टपोरा डोळा आठवला.

आता तो वाईट अनुभव. पहिली ऑर्डर आम्ही अशा ठिकाणी दिली जेथे आमचे बिडाचे काम अनेक वर्षे होत होते. एसजी ५००/७ लिहून दिले, होकार मिळाला, भाव ठरला, माल आला, कास्टिंगवर एसजी अशी उठावाची अक्षरेही होती. लेथवर लावताच ऑपरेटरने मला बोलावले. चिप भुकटीसारखी पडत होती आणि बोटांना काळी पूड लागत होती, अगदी साध्या बिडासारखी. एसजीची चिप आखूड पण वळलेली, एकसंध असते. एक बॉडी दोरीला टांगून हातोडीने वाजवली तर आवाज बसका आला. चांगले एसजी घंटेसारखे वाजते आणि नाद थोडा वेळ टिकतो. खात्रीसाठी एक तुकडा कापून प्रयोगशाळेत दिला. निम्म्याहून अधिक ग्रॅफाइट पापुद्र्यांचे आणि अर्धवट अळीसारख्या आकाराचे निघाले. त्या फाउंड्रीत विचारणा केली तेव्हा कळले की रस क्युपोलातून, म्हणजे कोकवर चालणाऱ्या भट्टीतून येत होता. क्युपोलातल्या कोकमुळे रसात गंधक चढते, आणि मॅग्नेशियम आधी गंधकाशी जुळते, उरले तर ग्रॅफाइटच्या वाट्याला येते. त्यांनी मॅग्नेशियम घातले होते, यात फसवणूक नव्हती. परंतु गंधक आधी काढले नव्हते आणि ओतून झाल्यावर तपासलेही नव्हते. सगळा माल परत गेला, आमचे मशीनिंगचे पैसे बुडाले आणि जुना संबंध दुरावला. न तपासता लावलेला शिक्का हा माझ्या दृष्टीने या धंद्यातला सर्वांत मोठा दोष आहे, कारण बिडाचा व्हॉल्व्ह बीड म्हणून घेतला तर माणूस त्याला जपून वापरतो, आणि एसजी म्हणून घेतला तर त्याच्या भरवशावर पाइपलाइन उभी करतो.

दुसऱ्या फाउंड्रीला ऑर्डर देण्यापूर्वी मी एक अट घातली: आमचा माल ओतताना मला उभे राहू द्यावे. त्यांनी ती सहज मान्य केली, आणि माझ्या अभिप्रायातला पहिला गुण मी त्यासाठीच देतो. भट्टी इंडक्शनची, म्हणजे विजेवर चालणारी आहे. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, पिग आयर्न, पत्र्याचे स्वच्छ कतरण आणि स्वतःच्याच फाउंड्रीतील रायझर-रनरचा (साच्याला रस पुरवणाऱ्या वाटांत गोठलेल्या धातूचा) परतीचा माल. रस तयार झाल्यावर चमच्यात थोडा घेऊन तांब्याच्या साच्यात नाणे ओतले आणि स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) लावले. गंधक ०.०११ टक्के आले तेव्हाच पुढचे काम सुरू झाले. लेडल (रस वाहण्याचे भांडे) ५०० किलोचे, उंच आणि अरुंद. त्याच्या तळाशी एका बाजूला खोबण केलेली असते. तीत मॅग्नेशियम असलेले फेरोसिलिकॉन ८ किलो मोजून टाकले, वरून पोलादी पत्र्याच्या टिकल्यांचा थर दिला, आणि रस खोबणीच्या उलट बाजूला सोडला. मॅग्नेशियम ११०० अंशांच्या आतबाहेर उकळते आणि रस असतो १४८० अंशांवर, त्यामुळे ते थेट पडले तर क्षणात वाफ होऊन उडून जाईल. टिकल्या वितळेपर्यंत त्याला अडवून ठेवायचे आणि तोवर लेडल भरून घ्यायचे, ही त्या थरामागची युक्ती. थर वितळला तसा डोळे दिपवणारा पांढरा लखलखाट झाला, छपराखाली दाट पांढरा धूर भरला, आणि अर्ध्या मिनिटात सगळे शांत झाले. मग स्लॅग (वर आलेली मळी) ओढून काढली आणि रस ओतण्याच्या लेडलमध्ये घेताना धारेबरोबर बारीक फेरोसिलिकॉन सोडले (याला इनॉक्युलेशन म्हणतात), म्हणजे ग्रॅफाइटचे गोळे संख्येने पुष्कळ आणि आकाराने लहान व्हावेत.

येथून घड्याळ सुरू होते. रसातले मॅग्नेशियम सतत उडत राहते आणि त्याचा परिणाम साधारण आठ-दहा मिनिटांत ओसरू लागतो. त्याला फेडिंग म्हणतात. पहिला बॉक्स (साच्याची पेटी) उत्तम एसजीचा आणि शेवटचा अर्धवट बिडाचा, असे एकाच लेडलमधून होऊ शकते. आमच्या एका बॉक्सला रनर-रायझरसह सुमारे ५२ किलो रस लागतो, म्हणजे एका लेडलमध्ये नऊ बॉक्स. मी मनगटावरचे घड्याळ पाहत होतो. लखलखाट विझल्यापासून नववा बॉक्स भरेपर्यंत सहा मिनिटे चाळीस सेकंद लागली. मी पहिल्या बॉक्सकडे वाकून पाहत असताना तेथील जुना मोल्डर म्हणाला, ‘‘साहेब, पैला बॉक्स समद्यांचाच चांगला असतोय, शेवटचा बघा.’’ आणि खरोखर त्यांची पद्धत तीच आहे: लेडल रिकामे होताना तळाशी राहिलेल्या रसातून एक लहान कूपन (तपासणीचा नमुना) ओततात, ते पाण्यात न बुडवता आपोआप थंड होऊ देतात, कापून, पॉलिश करून, शंभरपट मायक्रोस्कोपखाली पाहतात, आणि त्यात गोळ्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर असेल तरच त्या लेडलची कास्टिंग फेटलिंगला (घासून साफ करायला) जातात. त्या दिवशीच्या शेवटच्या कूपनमध्ये मॅग्नेशियम ०.०४१ टक्के होते. एसजीला आपण बिडापेक्षा जास्त पैसे मोजतो ते खरे पाहता याच सात-आठ मिनिटांच्या शिस्तीचे आणि त्या शेवटच्या कूपनचे. मॅग्नेशियमची किंमत त्यात फारच थोडी असते.

पहिल्या लॉटमध्ये आम्ही ४० बॉडी घेतल्या. कठिणता आम्ही आमच्याकडे प्रत्येक नगावर तपासली. ती १८० ते २०५ ब्रिनेलच्या दरम्यान राहिली, म्हणजे ५००/७ साठी अपेक्षित असलेल्या १७० ते २३० च्या आतच. नगानगात एवढा कमी फरक मी साध्या बिडातही क्वचित पाहिला आहे. मशीनिंगमध्ये बिडापेक्षा थोडी जास्त ताकद लागते आणि इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) थोडे लवकर झिजते, परंतु पोलादापेक्षा काम नक्कीच हलके आहे, कारण ग्रॅफाइट स्वतःच वंगणासारखे वागते. फ्लँजचा फेस गुळगुळीत उतरला. पातळ रिबच्या टोकाशी पांढरा, काचेसारखा कडक भाग सापडणे ही एसजीची नेहमीची तक्रार असते. ४० नगांत तसे एकदाही झाले नाही, यावरून इनॉक्युलेशन नीट होत असल्याचे कळते.

एक बॉडी आम्ही जाणूनबुजून मोडली. नवीन साहित्यावर विश्वास ठेवायचा तर ते कसे तुटते हे एकदा डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे मला वाटते. जुन्या बिडाची फ्लँज ८ किलोच्या घणाच्या दुसऱ्या घावाला फुटली होती. एसजीची फ्लँज त्याच घणाने, त्याच माणसाने मारल्यावर आधी दबली, मग वाकली. अकराव्या घावानंतर मोजले तर कड ६ मिलिमीटर खाली गेली होती, आणि तेव्हा कोठे मुळाशी केसाएवढी भेग दिसू लागली. तुटण्याआधी वाकणे याचा काठावरचा अर्थ असा की रात्री लाइट गेली आणि पाणी आदळले, तरी सकाळी व्हॉल्व्ह गळताना सापडेल, फुटलेला सापडणार नाही.

सगळेच चांगले होते असे नाही. ४० पैकी ३ बॉडी १५ किलोच्या चाचणीत पाझरल्या. पाझर प्रत्येक वेळी एकाच जागी, फ्लॅपच्या पिनसाठी ठेवलेल्या जाड बॉसच्या (उंचवट्याच्या) खाली. कापून पाहिले तर आत स्पंजासारखी पोकळी होती. याचे कारण मला फाउंड्रीच्या मेथड विभागाने (साच्याची व ओतण्याची पद्धत ठरवणाऱ्या विभागाने) नीट समजावून सांगितले, आणि ते ऐकण्यासारखे आहे. बीड थंड होताना साच्याला लागून आधी घट्ट साल धरते. एसजी मात्र सगळ्या जाडीभर एकदम लापशीसारखे घट्ट होत जाते, आणि त्याच वेळी ग्रॅफाइटचे गोळे वाढत असल्याने फुगते. साचा दगडासारखा कडक असेल तर ही फुग आतल्या आत कामी येते आणि पोकळी भरून निघते. साचा मऊ असेल तर भिंती बाहेर सरकतात, कास्टिंग जाड होते आणि आत मात्र पोकळ राहते. म्हणून बिडासाठी चालणारा सैल ठोकलेला साचा एसजीला चालत नाही. त्यांनी बॉसजवळ लोखंडी चिल (उष्णता लवकर ओढून घेणारा तुकडा) बसवला, रायझरची मान रुंद केली आणि त्या भागातील मातीचा कडकपणा प्रत्येक बॉक्सला तपासण्याचे ठरवले. पुढच्या दोन हंगामांत घेतलेल्या ४६ बॉडींपैकी एकच पाझरली, तीही दुसऱ्या जागी. नापास नगांचे पैसे त्यांनी पहिल्याच महिन्यात वळते करून दिले, मात्र मशीनिंगचा खर्च दिला नाही. तो आधी लेखी ठरवून घ्यायला हवा होता आणि ती चूक माझी.

माझी खरी तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली वेळेची. दिलेली तारीख तीन वेळा पुढे गेली, एकदा तर अठरा दिवसांनी, आणि प्रत्येक वेळी आम्हीच फोन केल्यावर ते समजले. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांचा माल आधी आणि आमच्यासारख्यांची चाळीस-पन्नास नगांची ऑर्डर मागे, हे समजू शकते. परंतु पाण्याची पाळी थांबत नाही, आणि उशीर होणार असेल तर आठवडाभर आधी सांगणे एवढे तरी अपेक्षित आहे. दुसरी तक्रार कागदांची. टेस्ट सर्टिफिकेटवर जो हीट नंबर (भट्टीच्या त्या घाण्याचा क्रमांक) असतो तोच कास्टिंगवर उठावात असायला हवा. एका खेपेस सहा नगांवर नंबर ग्राइंडिंगमध्ये पुसला गेला होता. माल चांगलाच निघाला, तरी नंबर नसलेले कास्टिंग माझ्यापुरते बिनकागदाचे असते. त्यानंतर नंबरची जागा फेटलिंग न होणाऱ्या बाजूला हलवली आहे.

भावाविषयी एवढेच सांगतो की किलोमागे एसजी आम्हाला बिडापेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने महाग पडते. पण ताकद जास्त असल्याने पॅटर्न बदलून बॉडीची भिंत १४ मिलिमीटरवरून ११ वर आणता आली आणि वजन ४६ किलोवरून ३९ वर आले, त्यामुळे नगामागचा फरक तेरा टक्क्यांच्या आसपासच राहिला. जुन्याच पॅटर्नवर जुन्याच जाडीत एसजी ओतून घेणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही, आणि ‘एसजी परवडत नाही’ असे म्हणणारे बहुधा तेच असतात.

व्हॉल्व्हच्या अनुभवानंतर आम्ही ट्रॉलीचे हबही याच फाउंड्रीतून ४५०/१० मध्ये घेऊ लागलो. उसाच्या ट्रॉलीत किती भार भरतात हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको; खड्ड्यातून जाताना बिडाचा हब बोल्टच्या भोकातून फुटतो आणि भर रस्त्यात चाक निखळते. येथे ताकदीपेक्षा लांबणे महत्त्वाचे, म्हणून ५००/७ न घेता एक पायरी मऊ दर्जा घेतला. गुऱ्हाळाच्या चरकाचे दातेरी चाक मात्र झिजेसाठी ७००/२ मध्ये केले. दर्जा ठरवताना फाउंड्रीचा मेथड विभाग वेळ देतो, काम कोठे बसणार ते विचारतो, गरज नसताना वरचा दर्जा गळ्यात मारत नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे.

थोडे डोळे उघडे ठेवून पाहिले तर हा धातू आपल्या आसपास सगळीकडे आहे. नळपाणी योजनांसाठी रस्त्याकडेला पडलेले डीआय (डक्टाइल आयर्न) पाइप म्हणजे हाच धातू, फिरत्या साच्यात ओतलेला, आतून सिमेंटचे अस्तर दिलेला. आयएस ८३२९ हे त्याचे मानक. ट्रॅक्टरचे एक्सल हाउसिंग, गाडीचा स्टीअरिंग नकल, ब्रेक कॅलिपर, कित्येक इंजिनांचे क्रँकशाफ्ट यांत तो वापरतात. साताऱ्याकडे चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. तशा मोठ्या पवनचक्क्यांत पाती ज्या हबला जोडलेली असतात तो हब सर्वसाधारणपणे एसजीचाच, ४००/१८ सारख्या मऊ, चिवट दर्जाचा असतो. याच कास्टिंगला ९०० अंशांच्या आसपास तापवून सुमारे ३०० अंशांच्या क्षारद्रवात रोखून ठेवले की एडीआय (ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्न) बनते, आणि त्याची ताकद हजार मेगापास्कलच्या पलीकडे जाऊ शकते. चरकाच्या पुढच्या चाकासाठी तो विचार आमच्या मनात आहे.

तरीही सरसकट सगळे एसजीत करा असा माझा सल्ला नाही. लेथचा बेड, मशीनची बैठक यांना साधे बीडच हवे, कारण पापुद्र्यांचे ग्रॅफाइट कंप शोषून घेते आणि गोळ्यांचे तितके शोषत नाही. ब्रेक ड्रमलाही बीड बरे, ते उष्णता लवकर वाहून नेते. साखर कारखान्याच्या मिल रोलरचे शेल मुद्दाम जाड दाण्याच्या बिडाचे करतात, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि ऊस घसरत नाही. तेथे एसजीचा हट्ट धरला तर नुकसानच होईल. आणि एसजीवर साध्या रॉडने वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ पाहणाऱ्यांनी आधी विचार करावा. जोडाच्या बाजूला धातू काचेसारखा कडक होतो आणि सगळा चिवटपणा तेथेच संपतो. निकेलचा रॉड आणि आधी नीट तापवणे, एवढे तरी हवेच, आणि दाबाच्या भागावर तेही मी करत नाही.

ज्या संस्थेच्या पंपघरातून ही गोष्ट सुरू झाली, तेथे बसवलेली एसजीची पहिली बॉडी यंदा पावसाळ्यापूर्वी उघडून पाहिली. फ्लॅपचे रबर बदलावे लागले, पिनचे बुश झिजले होते, सीटवर एक बारीक ओरखडा होता. बॉडी पुन्हा बेंचवर १५ किलोला लावली आणि अर्धा तास ठेवली. काटा हलला नाही. रंगाचा एक हात देऊन ती त्याच जागी परत बसवली आहे, आणि पुढच्या हंगामासाठी आणखी २४ बॉडींची ऑर्डर त्याच फाउंड्रीला दिली आहे, या वेळी तारखेची आणि मशीनिंग खर्चाची अट लेखी घालून.